चांदोबातले शंकर, आणि आमच्या घरातला प्रश्न: मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढून पोट भरतं का?

बर्डीवाला

विक्रम राजा मसणातून चाललाय. खांद्यावर प्रेत, हातात तलवार, भोवती कवट्या. लहान मुलांच्या 'चांदोबा' मासिकातलं हे चित्र ज्यांना डोळे मिटूनही दिसतं, त्यांनी या धाग्यावर वय लपवायचा प्रयत्न करू नये.

पण ते काढलं कोणी? बहुतेक जण "चांदोबावाल्यांनी" एवढंच सांगतील. मीही कित्येक वर्षं तेवढंच सांगत होतो. चित्रकाराचं नाव के. सी. शिवशंकरन, चित्रावर सही फक्त 'शंकर'. जन्म १९२४ चा, तमिळनाडूतल्या खेड्यातला. मद्रासच्या सरकारी कला विद्यालयात शिकले, तेव्हा तिथे देवीप्रसाद रायचौधुरी प्राचार्य होते (मरीना बीचवरचं श्रमिकांचं प्रसिद्ध शिल्प ज्यांचं, तेच). १९४६ साली 'कलैमगळ' या तमिळ मासिकात नोकरी धरली. १९५२ साली 'चंदामामा'त, म्हणजे आपल्या चांदोबाच्या मूळ घरी आले आणि जवळजवळ साठ वर्षं तिथून हलले नाहीत. मासिकाने मान टाकली तेव्हा ते नव्वदीला टेकले होते. २९ सप्टेंबर २०२० रोजी चेन्नईत वारले. २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, मरणोत्तर.

धागा काढायचं कारण मात्र घरगुती आहे. माझी भाची बारावी झाली. चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांत ए ग्रेड. म्हणते, मला लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढायची आहेत, आणि तेच करायचं आहे. भाऊजी बँकेत. त्यांचं म्हणणं, "छंद म्हणून ठीक आहे." मामा म्हणून मध्यस्थी माझ्या गळ्यात पडली. मी मोठ्या उत्साहाने शंकरांची गोष्ट सांगितली, तर भाऊजी म्हणाले, "साठ वर्षं एका टेबलाशी बसून त्यांना मिळालं काय?"

आता तुम्ही बोला. या धंद्यातले कोणी असतील तर जरूर बोला.

तर्रीवाला

बर्डीवाला भाऊ, आमच्याकडे चांदोबा आला का पहिले कोण वाचते यावरून मारामारी व्हायची. मोठा भाऊ अंक घेऊन न्हाणीत जाऊन बसे आणि आतून कडी. मले त्या चित्राचं भेव लागे, तरी पहिले तेच पान उघडो.

एक सांगा, वेताळाच्या गोष्टी तं पंचवीसच होत्या ना? मंग हे लोकं वर्षानुवर्षं कुठून आणून राहिले होते?

गोकुळपेठी

शंकर म्हणजे तेच ना, ज्यांनी दिल्लीत बाहुल्यांचं संग्रहालय काढलं? आमच्या शाळेतून त्यांच्या चित्रस्पर्धेला चित्रं जायची.

चेन्नईकर वऱ्हाडी

तर्रीवाला, मूळ पंचवीसच. सोमदेवाच्या कथासरित्सागरात, अकराव्या शतकात, त्या आहेत. मासिकाने त्या संपल्यावर दुसऱ्याच लोककथा उचलल्या आणि त्याच चौकटीत बसवल्या. राजा झाडाशी जातो, प्रेत खांद्यावर घेतो, वेताळ गोष्ट सांगून प्रश्न विचारतो, राजा उत्तर देतो, वेताळ परत झाडावर. सुरुवात आणि शेवट दरमहा तोच, मधली गोष्ट नवी. लेखकाची सोय झाली, पण चित्रकाराच्या बाजूने विचार करा. तोच राजा, तेच मसण, तीच रात्र, वर्षानुवर्षं. तरी वाचकाला कंटाळा येता कामा नये.

थोडा इतिहास सांगतो, इथे राहून कानावर पडलेला आणि वाचलेला. मासिक जुलै १९४७ मध्ये सुरू झालं, आधी तेलुगू आणि तमिळ. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी हे दोघे मालक, सिनेमावाले. 'मायाबझार' काढणारी विजया प्रॉडक्शन्स त्यांचीच. मराठी चांदोबा आला १९५२ मध्ये, म्हणजे शंकर रुजू झाले त्याच वर्षी. पुढे भाषा वाढत डझनावर गेल्या.

चित्रं मात्र सगळ्या भाषांना एकच. चौकट ठरलेली आणि मजकूर त्या त्या भाषेत उरलेल्या जागेत बसवायचा. त्यामुळे चित्रकाराला असं काही काढावं लागे की जे नागपुरातल्या पोरालाही कळेल, कटकच्याही आणि कोट्टायमच्याही. चित्रात कुठलंच अक्षर चालत नसे, दुकानावर पाटीसुद्धा नको. आता जुने अंक कुठे दिसले तर मुद्दाम बघा: राजा उज्जैनचा, पण मागचं गोपुर दक्षिणी वळणाचं, बायकांच्या केसांत गजरे, घरापुढे ओटा. आपण विदर्भातल्या पोरांनी दक्षिण आधी चांदोबात पाहिली, मग ट्रिपला जाऊन.

शंकर एकटे नव्हते, हेही लक्षात ठेवा. 'चित्र' या नावाने काढणारे टी. व्ही. राघवन होते, आतल्या चित्रांचा मोठा भार त्यांच्यावर होता. मुखपृष्ठांसाठी वड्डादि पापय्या, त्यांची 'वपा' ही सही तेलुगूत असायची. एम. टी. व्ही. आचार्यही होते. जुना वाचक सही न बघता सांगायचा, हे चित्र कोणाचं.

ड्रॉइंगच्या बाई

गोकुळपेठी, ते वेगळे शंकर. दिल्लीचे के. शंकर पिल्लै, व्यंगचित्रकार. १९४८ मध्ये 'शंकर्स वीकली' काढलं, १९७५ मध्ये बंद केलं. मुलांची आंतरराष्ट्रीय चित्रस्पर्धा, चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट (१९५७) आणि बाहुल्यांचं संग्रहालय हे सगळं त्यांचं. मी नोकरीत असताना दरवर्षी मुलांची चित्रं गुंडाळी करून पोस्टात टाकायचे, त्या स्पर्धेला. दोघांचंही काम मुलांसाठी आणि दोघांची सही एकच, त्यामुळे गोंधळ होतो खरा.

बर्डीवाला, तुमच्या भाचीबद्दल. ए ग्रेड मिळाली, आनंद आहे. मी वर्षानुवर्षं त्या परीक्षांना मुलं बसवली आहेत, म्हणून मोकळेपणाने सांगते: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांनी हात बसतो. गोष्ट सांगता येत नाही. स्मरणचित्रात 'बाजार' किंवा 'पतंग उडवणारी मुलं' असं एक चित्र काढायचं आणि पेपर द्यायचा. पुस्तकात तीच मुलगी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत न्यावी लागते. पळताना, पाठमोरी, रुसलेली, झोपलेली, वरून बघितलेली. आणि प्रत्येक वेळी ती तीच वाटली पाहिजे. माझ्या वर्गात उत्तम शेडिंग करणारी कितीतरी मुलं होती, पण हे जमणारी फार थोडी.

सरावाला नागपूरसारखं गाव नाही, हे मी पुण्याच्या लोकांशी भांडून सांगते. तान्ह्या पोळ्याला वही घेऊन बाहेर पडावं. लाकडी बैल ओढणारी पोरं, कोणाचा बैल बोटाएवढा, कोणाचा पोरापेक्षा मोठा, कोणी धोतर नेसवलेलं आणि ते सुटलेलं. त्याच दिवशी मारबतीची मिरवणूक असते, गर्दी कशी काढायची ते तिथे शिकावं. आणि गणपतीच्या आधी महालात चितारओळीत जाऊन उभं राहावं. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा हात एकदा जवळून पाहिला की ब्रश धरणं म्हणजे काय ते कळतं. तिथे कोणी हाकलत नाही, फक्त त्यांच्या उजेडात उभं राहू नये.

शाई आणि ब्रश

या धंद्यातली मी आहे. नागपुरातच राहते, कामं पुण्या-मुंबई-दिल्लीची येतात, सगळं ईमेलवर. तेव्हा भाऊजींना थोडं सविस्तर उत्तर.

आधी काम काय असतं ते. लोकांना वाटतं, लेखक गोष्ट देतो आणि आम्ही सुंदर चित्रं काढतो. प्रत्यक्षात पहिले काही आठवडे सुंदर असं काहीच निघत नाही. गोष्ट हातात आली की ती पानांत तोडायची. चित्रपुस्तक बहुतेक २४ किंवा ३२ पानांचं, कारण कागद घडी घालून कापला की पानं आठाच्या-सोळाच्या पटीत येतात. तेहेतिसावं पान हवं म्हणून मिळत नाही. त्यातली दोन-तीन पानं नाव, माहिती यांत जातात. उरलेल्यात गोष्ट बसवायची. कुठे पान उलटलं की दचकायला हवं, कुठे दोन्ही पानांवर एकच मोठं चित्र हवं, कुठे चार छोटी. हे सगळं काडेपेटीएवढ्या चौकोनांत पेन्सिलने मांडायचं, त्याला आम्ही थंबनेल म्हणतो. मग कोरे कागद दुमडून, स्टेपल मारून खोटं पुस्तक करायचं, ती डमी. डमी हातात घेऊन पानं उलटली की चुका लगेच दिसतात. मग रफ, मग संपादकाचे शेरे, पुन्हा रफ. रंग सगळ्यात शेवटी.

मधली घडी हा आमचा कायमचा शत्रू. दोन पानी चित्रात आजीचा चेहरा नेमका मध्ये आला की बाइंडिंगमध्ये आजीचं नाक जातं. कडेला तीन मिलिमीटर जास्त रंगवायचं, कारण कापणारं यंत्र थोडं इकडेतिकडे होतंच. आणि मजकुरासाठी जागा सोडायची, तीही मराठीला पुरेल अशी. इंग्रजीसाठी आखलेल्या जागेत मराठी टाकलं की वेलांट्या-रफार वरच्या ओळीच्या उकारांना जाऊन भिडतात. आठ-दहा वर्षांपूर्वीपर्यंत हे डिझाइन करणाऱ्यांनाही सांगावं लागे.

नागपूरचं म्हणून एक सांगते. मे महिन्यात जलरंग म्हणजे शिक्षा. ४५ अंशाला पाण्याचा थर पसरेपर्यंत त्याची अर्धी कड वाळलेली असते, आणि आकाशात डागांच्या रेघा उठतात. कूलर लावला तर खोली दमट होते, कागद फुगतो, शाई पसरते. मी उन्हाळ्यात पहाटे रंगवते आणि दुपारी रफ काढते. आता निम्मं काम टॅबवर असतं, पण मला कागदाची सवय सुटत नाही, आणि काही प्रकाशकांना अजूनही हाताने काढलेलंच हवं असतं.

आता पैसे. कोणी पानाप्रमाणे देतं, कोणी पूर्ण पुस्तकाचे एकगठ्ठा. काही चांगले प्रकाशक थोडी आगाऊ रक्कम देऊन नंतर रॉयल्टीतला हिस्सा देतात, लेखकाबरोबरीने. वाईट अनुभवही सांगते, नाव घेणार नाही. एका प्रकाशनाने पुस्तक छापलं, मुखपृष्ठावर लेखकाचं नाव ठळक, माझं नाव आत बारीक टाइपात, तेही 'सजावट' म्हणून. दुसरी आवृत्ती निघाली ती मला दुकानात दिसली. बिलासाठी फोन करणं हे तर कामाचाच भाग धरून चाला. नुसत्या पुस्तकांवर महिना भागवणारे आमच्यात थोडेच. बाकीचे पाठ्यपुस्तकं, संस्थांची पोस्टर्स, शाळांच्या भिंती, कार्यशाळा असं सगळं करतात. मीसुद्धा.

म्हणूनच शंकरांच्या साठ वर्षांकडे मी भाऊजींसारखं बघू शकत नाही. पहिल्या तारखेला पगार, बसायला टेबल, शेजारी आपल्याइतकाच ताकदीचा दुसरा चित्रकार, आणि दर महिन्याला छापून येणारं काम. आज भारतात मुलांच्या पुस्तकाच्या चित्रकाराला हे कुठे मिळतं सांगा. त्यांच्या रेषेतली खात्री त्यातून आली आहे असं माझं मत. घोडा मागून काढायचा, पालखी उचलणारे चौघे काढायचे, सभेतली पन्नास डोकी काढायची, आणि समोर ठेवायला इंटरनेटवरचा फोटो नाही. दरमहा काढून काढूनच हात तसा होतो. एखाद्या पुस्तकापुरतं तीन महिने काम आणि मग चार महिने नुसते मेल पाठवत बसणं, याने नाही होत.

तर्रीवाला

ताई, आजीचं नाक घडीत गेलं हे वाचून मी दुकानात एकटाच हासून राहिलो, गिऱ्हाईक पाहून राहिलं.

गोकुळपेठी

भाऊजींसाठी एक जोड. वासुदेव गायतोंडे, अमूर्त चित्रांचे मोठे चित्रकार, जन्म आपल्या नागपुरातला, २ नोव्हेंबर १९२४. शंकर आणि ते एकाच वर्षाचे. गायतोंड्यांचं एक चित्र २०१५ मध्ये मुंबईच्या लिलावात २९ कोटींच्या वर गेलं. ते स्वतः २००१ मध्ये वारले होते, तेव्हा त्या पैशांचा त्यांना काय उपयोग म्हणा. पण गायतोंड्यांची चित्रं मूळ स्वरूपात किती जणांनी पाहिली? आणि शंकरांची?

खसचा पडदा

सगळे गहिवरले आहेत, म्हणून थोडं वेगळं बोलतो.

पहिली गोष्ट, पगार होता म्हणून सगळं छान होतं हे आपण आज बाहेरून म्हणतो. साठ वर्षं काम करून देशाने दखल घेतली ती माणूस गेल्यावर. ज्या पोरांनी ती चित्रं पाहिली ती मोठी होऊन संपादक झाली, मंत्री झाली, आणि तरी नाव कोणाला माहीत नव्हतं. याला आपण 'निगर्वी साधना' वगैरे म्हणायला लागलो की प्रकाशकांना तेच हवं असतं. भाचीला ही गोष्ट आदर्श म्हणून सांगू नका.

दुसरी गोष्ट चित्रांबद्दल. मलाही चांदोबा आवडायचा. पण आज मुलीला जुने अंक दाखवताना खटकतं. राजपुत्र गोरा, राणी गोरी, राक्षस काळा आणि जाड ओठांचा. दासी सावळ्या. हा दोष एकट्या शंकरांचा नाही, कॅलेंडरपासून सिनेमापर्यंत सगळीकडे तेच होतं. पण लहान मूल चित्रातून हेच आधी शिकतं, अक्षरं नंतर. नवीन चित्रकाराने जुन्यांची रेघ घ्यावी, रंगाची ही वाटणी घेऊ नये.

चेन्नईकर वऱ्हाडी

दुसऱ्या मुद्द्याशी सहमत. पहिल्याशी निम्मा. नाव माहीत नव्हतं हे मराठी-हिंदी वाचकांचं झालं. तमिळ-तेलुगू वाचकांत शंकर, चित्र, वपा ही नावं लोक आदराने घेत. आपल्याकडे मासिक भाषांतरित होऊन येत होतं, त्यामुळे चित्रकार कोण हे सांगणारं आसपास कोणी नव्हतं.

शाई आणि ब्रश

खसचा पडदा, गोऱ्या-काळ्याचा मुद्दा अगदी रास्त. पण बदल झालाय. मराठीत माधुरी पुरंदऱ्यांची पुस्तकं बघा. लिहितात त्याच, चित्रंही त्यांचीच. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या, पुढे पॅरिसलाही. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना २०१४ मध्ये मिळाला. त्यांच्या चित्रातलं घर हे घरासारखं असतं, खुंटीला पिशवी लटकलेली, कॉटखाली चप्पल, आणि मुलं कुठल्याही गल्लीत भेटतील अशी. बाळाला गालावर गुलाबी गोल काढलेले नाहीत. माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणींनी हात तिथून सोडवून घेतला.

पगाराबद्दल मात्र मी माझं मत बदलणार नाही. आदर्श म्हणून नका सांगू, ठीक. पण 'स्वतंत्र कलाकार' या शब्दाला भुलून भाचीने पहिल्याच वर्षी नोकरी नाकारू नये. पाठ्यपुस्तकं करणाऱ्या एखाद्या स्टुडिओत दोन वर्षं काढली तर वेळेवर काम देणं अंगात भिनतं. माझी सुरुवात तशीच झाली, विज्ञानाच्या पुस्तकांतले बेडूक आणि परीक्षानळ्या काढून. त्या काळात मी काढलेला एकही बेडूक मला आवडत नाही, पण बेडूक आता कुठल्याही बाजूने काढता येतो.

काळा कोट

वकील आहे, हायकोर्टात असतो. पोरगी चित्रकलेत म्हणून हा कायदा वाचावा लागला.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. सर्वसाधारण नोकरीत कामाचा भाग म्हणून काढलेल्या चित्राचा पहिला मालक नोकरी देणारा. पण वर्तमानपत्र आणि मासिकांसाठी कलम १७ मध्ये वेगळी तरतूद आहे आणि ती फार कोणी वाचत नाही. मासिकाच्या नोकरीत, मासिकात छापण्यासाठी काढलेलं चित्र असेल आणि वेगळा करार नसेल, तर मासिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा. बाकी सगळ्या बाबतींत पहिला मालक चित्रकारच. म्हणजे उद्या ते चित्र कपावर, शर्टावर आलं तर प्रश्न उभा राहतो. प्रत्यक्षात करार असतात, आणि ते मालकाच्या बाजूने लिहिलेले असतात, हे वेगळं.

बाहेरून काम घेणाऱ्या चित्रकाराने तीन गोष्टी बघाव्यात. एक, हक्क देणं हे लेखी आणि सहीचं हवं, फोनवरचं चालत नाही. दोन, किती वर्षांसाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिलेलं हवं. काळ लिहिलाच नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून प्रकाशक 'कायमस्वरूपी, जगभर' असं एका ओळीत टाकतात आणि आपण सही करतो. तीन, हक्क विकले तरी 'हे चित्र मी काढलंय' असं म्हणायचा अधिकार कलम ५७ नुसार चित्रकाराकडेच राहतो. शाई ताईंचं नाव 'सजावट' म्हणून टाकलं तिथे हा मुद्दा उपयोगी पडला असता. पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या पेंटिंगला आणि पोर्ट्रेटला कायदा वेगळा नियम लावतो, त्यात घासाघीस होते, म्हणून कामाआधी कागद करावा.

तर्रीवाला

वकील साहेब, मंग ते जुन्या चांदोबाचे पीडीएफ व्हॉट्सअपवर फिरतात ते? आमच्या ग्रुपवर रोज एक येते.

काळा कोट

चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क टिकतो. शंकर २०२० मध्ये गेले, तेव्हा त्यांची चित्रं २०८० संपेपर्यंत मोकळी होत नाहीत. तुमच्या ग्रुपवर पोलीस येणार नाहीत, पण विचारलं म्हणून सांगितलं.

राजरोस मोफत वाचायचं असेल तर 'किशोर' आहे. बालभारतीने १९७१ मध्ये सुरू केलेलं मासिक. जुने अंक त्यांनीच संकेतस्थळावर ठेवले आहेत. मराठीतल्या अनेक चांगल्या चित्रकारांचं मुलांसाठी केलेलं काम तिथे एका जागी सापडतं. भाचीला चांदोबाच्या आधी ते उघडायला सांगा.

बर्डीवाला

सगळ्यांचे आभार. काल भाऊजींना धागा वाचून दाखवला. शंकरांपेक्षा त्यांना काळा कोट पटले. "लेखी असेल तर धंदा आहे," म्हणाले. बँकेतला माणूस.

ठरलंय असं: बीएफएसाठी, म्हणजे चित्रकलेच्या पदवीसाठी, राज्याची एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यायची, आपल्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात मिळालं तर उत्तम, घर सोडायला नको. नाही मिळालं तर बी.कॉम.ला नाव घालून ठेवायचं ही भाऊजींची अट. भाची त्यावर गप्प आहे, म्हणजे तिचं काहीतरी वेगळं चाललंय.

शाई ताई, तिला तुम्हाला भेटायचंय. काम दाखवायला आणू का?

ड्रॉइंगच्या बाई

बी.कॉम. करून चित्रं काढणारे मी पाहिलेत. हिशेब तरी नीट ठेवतात.

शाई आणि ब्रश

आण ना. पण ए ग्रेडची शीट्स नकोत, फळांच्या टोपल्या मी खूप पाहिल्या. घरातल्या कोणाकडून तरी एक छोटी गोष्ट ऐकायला सांग, आजी असेल तर आजीकडून. ती सोळा पानांत तोडायची, कागद दुमडून डमी करायची, फक्त पेन्सिल. गोष्टीतलं मूल निदान पाच पानांवर दिसलं पाहिजे आणि एकदा तरी पाठमोरं. मजकुराची जागा सोडलेली हवी.

रंग लावून आणलेली डमी मी बघणार नाही, हे आधीच सांग. आणि सकाळी या, दुपारी माझ्याकडे कूलर चालू असतो, कागद काढायची सोय नसते.